पापण्यांच्या तेलग्रंथी आणि प्रकाशोपचार : चार बैठकांनंतर लिहीत आहे

रंकाळाकाठ

नमस्कार. गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी डोळ्यांच्या कोरडेपणासाठी प्रकाशोपचाराच्या चार बैठका घेतल्या. उपचार घ्यावा की नाही हे ठरवताना मराठीत याविषयी काही वाचायला मिळते का ते पुष्कळ शोधले, पण जे हाती लागले ते बहुतेक जाहिरातीच्या भाषेतले होते. म्हणून जे झाले ते तपशिलाने लिहिते आहे. येथे डॉक्टर मंडळी असतील तर त्यांनी माझे चुकत असेल तेथे अवश्य दुरुस्त करावे.

माझे वय ४९. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीच्या लेखा विभागात मी एकवीस वर्षे काम करते आहे. दिवसाचे आठ-नऊ तास संगणकासमोर, वर वातानुकूलन यंत्र, आणि सकाळ-संध्याकाळ दुचाकीवरून महामार्गाची धूळ. तीन वर्षांपूर्वी सकाळी उठल्यावर पापण्या चिकटलेल्या असायच्या आणि दुपारी चारच्या सुमारास डोळ्यांत बारीक वाळू गेल्यासारखे खुपू लागायचे. त्यातही न उलगडणारी गोष्ट अशी की, डोळे कोरडे असल्याचे सांगितले जात होते आणि माझ्या डोळ्यांतून तर सारखे पाणी गळत होते. हा विरोधाभास मला पुढे डॉक्टरांनी समजावून दिला. अश्रूंचा थर तेल, पाणी आणि श्लेष्मा यांचा मिळून बनतो. वरचे तेल कमी पडले की पाणी लगेच उडून जाते, डोळ्याचा पृष्ठभाग उघडा पडून चुरचुरतो, आणि त्या चुरचुरण्याला उत्तर म्हणून अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते. ते पाणी गालावर ओघळते, पण तेल नसल्यामुळे डोळ्यावर टिकत नाही.

दोन वर्षे मी कृत्रिम अश्रूंचे थेंब घालत राहिले. त्यानंतर एका ठिकाणी दाखवले. तेथे माझी पापणी उलटूनही न पाहता दहा मिनिटांत सहा बैठकांचे पॅकेज पुढे ठेवण्यात आले आणि त्याच दिवशी पैसे भरल्यास सवलत मिळेल असे सांगण्यात आले. त्या ठिकाणाचे नाव लिहिण्याची माझी इच्छा नाही. मात्र एक गोष्ट आवर्जून सांगते, की ज्या उपचाराचा निर्णय पापणीच्या कडेवर अवलंबून आहे, तो पापणीची कड न पाहता सुचवला जात असेल तर तेथून उठून यावे. मी उठून आले.

दुसऱ्या डॉक्टरांनी तपासणीलाच पाऊण तास दिला. डोळ्यांत पिवळा रंग घालून, अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो ते मोजले. दहा सेकंदांहून अधिक काळ तो टिकावा अशी अपेक्षा असते; माझ्या उजव्या डोळ्यात तो तीन सेकंदांत आणि डाव्या डोळ्यात चार सेकंदांत फाटत होता. मग त्यांनी खालची पापणी बोटाने हलकेच दाबली. निरोगी पापणीच्या कडेवरील बारीक छिद्रांतून अशा वेळी तेलाचे स्वच्छ थेंब यायला हवेत. माझ्या छिद्रांतून आधी काहीच आले नाही, आणि जोर दिल्यावर पांढरट, घट्ट असे काही टोकाटोकाने बाहेर आले. थंडीत बाटलीतले खोबरेल तेल गोठते आणि बाटली उलटी केली तरी खाली येत नाही, अगदी तसेच ते होते. डॉक्टरांनी मला ते पडद्यावर मोठे करून दाखवले.

त्यानंतर अवरक्त किरणांनी पापणीच्या आतील ग्रंथींचे चित्र काढण्यात आले. माझे सासर करवीर तालुक्यातले, घरी ऊस आहे, त्यामुळे ते चित्र पाहताच माझ्या मनात शेतातल्या सऱ्या आल्या. निरोगी भागात ग्रंथींच्या रेषा शेजारी शेजारी, सरळ, पांढऱ्या दिसत होत्या. नाकाकडच्या बाजूला मात्र मधून मधून नुसता काळा पट्टा होता, म्हणजे तेथे नांग्या, पीक न उगवलेल्या रिकाम्या जागा, पडल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "या नांग्या भरून निघतील असे वचन मी देणार नाही. ज्या ग्रंथी अजून उभ्या आहेत पण तुंबलेल्या आहेत, त्यांच्यासाठी हा उपचार आहे." त्या एका वाक्यामुळे माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

आता प्रत्यक्ष बैठकीविषयी. डोळ्यांवर धातूचे, पूर्ण अपारदर्शक असे झाकण बसवतात. गालांवर, डोळ्यांच्या खालच्या बाजूला एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत थंडगार जेल लावतात. यंत्राची चौकोनी काच त्या जेलवर टेकवून प्रकाशाचा एकेक झोत सोडतात आणि तसे करत या कानाकडून नाकावरून त्या कानापर्यंत जातात, मग पुन्हा एकदा. फोडणीतली मोहरी उडून गालावर यावी इतका बारीक, क्षणभराचा चटका बसतो. गालाच्या हाडावर तो अधिक जाणवतो. हे सगळे दहा मिनिटांत आटोपते. खरा त्रास त्यानंतर होतो, कारण मऊ झालेले तेल बाहेर काढण्यासाठी भूल देणारे थेंब घालून पापणी चिमट्याने दाबतात. त्या दाबण्याने माझ्या डोळ्यांतून पाणी आले हे मी लपवत नाही. पहिल्या बैठकीत दही घट्ट लागावे तसा स्राव निघाला. तिसऱ्या बैठकीत तो पातळ झाला होता आणि काही छिद्रांतून स्वच्छ थेंबही आले.

बैठका साधारण तीन आठवड्यांच्या अंतराने झाल्या. पहिल्या बैठकीनंतर मला काहीही फरक वाटला नाही आणि मी निराश झाले होते. दुसरीनंतर सकाळचे चिकटणे थांबले. चौथीनंतर एका महिन्याने मोजले तेव्हा अश्रूंचा थर सात आणि आठ सेकंद टिकत होता. म्हणजे मी पूर्ण बरी झालेली नाही, पण मार्चअखेरची हिशेबाची धावपळ या वर्षी मी थेंबांची बाटली टेबलावर न ठेवता पार पाडली. चार बैठकांचा खर्च माझ्या एका महिन्याच्या पगाराहून अधिक झाला आणि विम्यातून त्यातले काहीही मिळाले नाही.

करवीरकर

ताई, इतके सविस्तर लिहिल्याबद्दल मनःपूर्वक आभार. माझ्या पत्नीला हाच उपचार सुचवण्यात आला आहे, परंतु आमच्या घरी सर्वजण त्याला 'डोळ्यांवर लेसर' असे म्हणतात आणि तिला त्या शब्दाचीच भीती वाटते. हा उपचार लेसर आहे काय, आणि त्या प्रकाशाने नजरेला अपाय होण्याची शक्यता किती, हे कोणी जाणकार सांगतील काय? गालावर पाडलेल्या प्रकाशाने पापणीतल्या ग्रंथी कशा मोकळ्या होतात, हेही मला समजलेले नाही.

निवृत्त नेत्रवैद्य

मी नेत्रचिकित्सेतून निवृत्त झालो असलो तरी हा विषय माझ्या आवडीचा आहे. रंकाळाकाठ ताईंनी लिहिलेले वर्णन अचूक आहे. त्यात थोडी भर घालतो.

प्रथम नावाविषयी. या ग्रंथींना हाइनरिख मायबोम या जर्मन वैद्यांच्या नावावरून मायबोमियन ग्रंथी म्हणतात. त्यांनी १६६६ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० ग्रंथी असतात. त्या पापणीच्या कडेवर, पापणीच्या केसांच्या आतल्या बाजूला उघडतात. निरोगी अवस्थेत त्यांतील तेल शरीराच्या उष्णतेनेच पातळ राहते. ग्रंथी बिघडल्या की तेलाची घडण बदलते, त्याचा वितळबिंदू वर सरकतो आणि ते छिद्रातच अडकून बसते. अडकलेल्या तेलामुळे ग्रंथीवर आतून दाब येतो आणि वर्षानुवर्षे दाबाखाली राहिलेली ग्रंथी हळूहळू आक्रसून नाहीशी होते. ताईंच्या चित्रातील नांग्या अशाच पडलेल्या आहेत.

आता लेसरचा प्रश्न. हा लेसर नव्हे. लेसरमध्ये एकाच तरंगलांबीचा, एका दिशेने जाणारा प्रकाश असतो. येथे झेनॉन वायूच्या दिव्यातून अनेक तरंगलांबींचा, सर्व दिशांना पसरणारा प्रकाश अल्पकाळाच्या झोतांनी सोडतात. त्याला 'इंटेन्स पल्स्ड लाइट', संक्षेपाने आयपीएल, म्हणतात. त्यातील आखूड तरंगलांबीचा भाग गाळणी लावून अडवतात. डोळ्यांच्या कोरडेपणासाठी ही गाळणी बहुधा ५८० किंवा ५९० नॅनोमीटरच्या आसपास असते, म्हणजे पिवळ्या-नारिंगी प्रकाशापासून अवरक्तापर्यंतचा भागच त्वचेपर्यंत पोहोचतो. त्वचारोगतज्ज्ञ हे तंत्र चेहऱ्यावरील लाल रक्तवाहिन्यांसाठी वापरतच होते. अमेरिकेतील मेम्फिसचे नेत्रतज्ज्ञ रोलांडो टॉयोस यांच्या लक्षात आले, की रोझेशिया या चेहरा लाल होणाऱ्या विकारासाठी हा उपचार घेणाऱ्या रुग्णांचे कोरडे डोळेही सुधारतात. त्या निरीक्षणातून ही वाट निघाली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, मायबोमियन ग्रंथींच्या विकारामुळे होणाऱ्या कोरडेपणासाठी अशा यंत्राला प्रथम मान्यता दिली ती २०२१ साली.

गालावरचा प्रकाश ग्रंथीपर्यंत कसा पोहोचतो, हा करवीरकरांचा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे एकच एक उत्तर नाही. पापणीच्या कडेवर सूज असणाऱ्यांमध्ये तेथे बारीक, फुगलेल्या रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते आणि त्यांतून दाह वाढवणारी द्रव्ये सतत झिरपत असतात. रक्तातील हिमोग्लोबिन हा प्रकाश शोषून घेते, तापते, आणि त्या वाहिन्या आतून मिटतात. गालाच्या आणि पापणीच्या रक्तवाहिन्या एकमेकींशी जोडलेल्या असल्यामुळे खालचा भाग शांत झाला की कडेवरचा दाहही उतरतो, असे मानले जाते. काही अभ्यासांत उपचारानंतर अश्रूंमधील इंटरल्यूकिन-६ सारख्या दाहकारक द्रव्यांचे प्रमाण कमी झालेले आढळले आहे. पापणीच्या केसांच्या मुळाशी राहणाऱ्या डेमोडेक्स या सूक्ष्म किडीवरही परिणाम होतो. उष्णतेने तेल वितळते हे खरे, परंतु ती उष्णता क्षणभंगुर असते. केवळ वितळवणे एवढाच हेतू असता तर गरम शेकाने काम भागले असते. त्यामुळे प्रकाशोपचाराचे मुख्य काम दाह शमवण्याचे आहे असे माझे मत आहे, आणि ज्याच्या पापणीवर दाह नाही त्याला त्यातून फारसे मिळणार नाही.

पुराव्याविषयी मी उत्साहाच्या भरात काही लिहू इच्छित नाही. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०२० साली या उपचाराचा जो आढावा घेतला त्यात निकषांत बसणाऱ्या केवळ तीन चाचण्या आणि ११४ रुग्ण होते, आणि पुराव्याची खात्री कमी असल्याचा निष्कर्ष निघाला. त्यानंतर आणखी चाचण्या झाल्या आहेत आणि एकंदर कल अनुकूल आहे. तरीही बहुतेक चाचण्यांत प्रकाशानंतर ग्रंथी दाबून तेल काढलेले असते, त्यामुळे फायद्यातील कोणता वाटा प्रकाशाचा आणि कोणता त्या दाबण्याचा, हे वेगळे काढणे सोपे नाही. रुग्णाने मात्र यातून एवढे घ्यावे, की केवळ प्रकाश टाकून घरी पाठवणारा उपचार अपुरा आहे.

नजरेच्या अपायाबद्दल : डोळ्यातील बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा रंगद्रव्याने भरलेला असतो आणि तो हा प्रकाश जोराने शोषतो. सौंदर्योपचार करताना डोळे नीट न झाकता पापणीजवळ झोत सोडल्यामुळे या पडद्याला इजा झाल्याच्या आणि बाहुली वेडीवाकडी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. म्हणून धातूचे झाकण ही तडजोडीची बाब नाही. वरच्या पापणीवर प्रकाश टाकायचा असेल तर पापणीच्या आत, थेट डोळ्यावर बसणारे कवच लागते.

ऊसकरी

डॉक्टरसाहेब आणि ताई, दोघांचेही लिखाण मी दोन वेळा वाचले. माझ्या थोरल्या भावाविषयी विचारायचे आहे. आमचे गुऱ्हाळ आहे. दसऱ्यापासून पुढे चार-पाच महिने माझा भाऊ काहिलीजवळ, म्हणजे रस आटवण्याच्या मोठ्या कढईजवळ, उभा असतो. तो स्वतः गुळव्या आहे, आणि पाक कधी उतरवायचा हे त्याच्या नजरेवर ठरते. रसाची वाफ तोंडावर येते आणि चुलवणात चिपाड जळत असल्याने वारा फिरला की धूरही डोळ्यांत जातो. हंगाम संपेपर्यंत त्याचे डोळे लालभडक झालेले असतात, पापण्यांच्या केसांना कोंड्यासारखे पापुद्रे चिकटलेले असतात, आणि या वर्षी दोन वेळा रांजणवाडीही आली. त्याला हा प्रकाशोपचार लागू पडेल का? तो दिवसभर उष्णतेतच असतो, मग त्याचे तेल गोठायला नको होते, असे मला वाटते.

निवृत्त नेत्रवैद्य

आपला शेवटचा प्रश्न फार मार्मिक आहे. काहिलीची धग चेहऱ्याला लागते, परंतु ती पापणीच्या आत, ग्रंथीपर्यंत पुरेसा वेळ स्थिर राहत नाही, आणि त्याच वेळी गरम कोरडी हवा अश्रू उडवून नेते. धुरामुळे कडेवर दाह होतो. आपल्या बंधूंच्या पापण्यांवरील पापुद्रे आणि वारंवार येणारी रांजणवाडी पाहता, त्यांच्या पापणीची कड सुजलेली असावी असा माझा अंदाज आहे. तरीही अंदाजावर उपचार करू नयेत. आधी त्यांची पापणी उलटून पाहणे, दाबून पाहणे आणि शक्य असल्यास ग्रंथींचे चित्र काढणे आवश्यक आहे. पुष्कळदा कडेची स्वच्छता, शेक आणि काही आठवड्यांचे औषध एवढ्याने काम भागते.

त्वचाविचार

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे आणि येथे एक गोष्ट ठळकपणे मांडणे माझे कर्तव्य समजते. हा प्रकाश हिमोग्लोबिनप्रमाणेच मेलॅनिन हे त्वचेतील रंगद्रव्यही शोषून घेते. गोऱ्या कातडीत मेलॅनिन कमी असल्यामुळे झोताची बहुतेक ऊर्जा रक्तवाहिनीपर्यंत पोहोचते; सावळ्या कातडीत ती वरच्या थरातच अडकते आणि तेथे भाजू शकते. थॉमस फिट्झपॅट्रिक या अमेरिकन त्वचातज्ज्ञांनी १९७५ साली, ऊन लागल्यावर त्वचा भाजते की काळवंडते यावरून त्वचेचे प्रकार पाडले. आज त्यांचे सहा प्रकार मानतात. या उपचाराची यंत्रे प्रामुख्याने पहिल्या चार प्रकारांसाठी आहेत. आपल्याकडील बहुतेक लोक चौथ्या आणि पाचव्या प्रकारात मोडतात. म्हणजे परदेशातील तक्त्यावरचा आकडा जसाच्या तसा यंत्रावर लावला तर आपल्या माणसाच्या गालावर फोड येऊ शकतो आणि फोड बरा झाल्यावरही तेथे अनेक महिने काळा डाग राहू शकतो.

म्हणून करवीरकर, आपल्या पत्नीच्या डॉक्टरांना आपण स्पष्ट विचारावे की त्वचेचा प्रकार त्यांनी कोणता ठरवला आणि ऊर्जा किती ठेवणार. साधारणतः प्रति चौरस सेंटीमीटर १० ते १६ ज्यूल या दरम्यान ती ठेवतात आणि सावळ्या त्वचेसाठी खालच्या टोकापासून सुरुवात करतात. कानाजवळ आधी एक झोत देऊन त्वचा कशी वागते ते पाहणे ही चांगली सवय आहे. ऊसकरींच्या बंधूंसारखी, सतत उन्हात आणि धगीत राबून त्वचा रापलेली असेल तर उपचार पुढे ढकलावा. रापलेल्या त्वचेवर हा प्रकाश टाकू नये. उपचारानंतर काही आठवडे चेहऱ्यावर सनस्क्रीन लावणे आणि दुपारच्या उन्हात रुमाल बांधून बाहेर पडणे हे ऐच्छिक समजू नये.

औषधांचा प्रश्नही येथेच येतो. पापण्यांच्या दाहासाठी डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या सर्रास दिल्या जातात आणि ते औषध त्वचेला प्रकाशाबाबत हळवे करते. मुरुमांसाठीचे आयसोट्रेटिनॉइन तर दुहेरी काळजीचे आहे : ते त्वचा हळवी करते आणि मायबोमियन ग्रंथींनाही आक्रसवते. मी हे औषध लिहून देताना तरुण रुग्णांना डोळ्यांविषयी मुद्दाम विचारतो. ल्यूपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा एक विकार) असणाऱ्यांनी, गर्भवतींनी, चेहऱ्यावर नागीण किंवा उघडी जखम असणाऱ्यांनी आणि उपचाराच्या जागी गोंदवून घेतलेल्यांनी हा उपचार घेऊ नये. कपाळावरचे गोंदण आपल्याकडे जुन्या पिढीतील स्त्रियांमध्ये सरसकट दिसते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

पंचगंगातीर

माझ्या आईला अकरा वर्षांपासून संधिवात आहे. तिचे तोंड कोरडे पडते, भाकरी पाण्याच्या घोटाशिवाय गिळता येत नाही, आणि डोळे तर इतके कोरडे की रडू आले तरी अश्रू येत नाहीत असे ती म्हणते. तिच्यासाठी ताईंनी घेतलेला उपचार उपयोगी ठरेल का?

निवृत्त नेत्रवैद्य

आपण वर्णन केलेली लक्षणे वेगळ्या दिशेने बोट दाखवतात. डोळे आणि तोंड दोन्ही कोरडे, सोबत संधिवात, हे पाहता श्योग्रेन विकाराची तपासणी झाली आहे का ते प्रथम पाहावे. स्वीडनचे हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ साली या विकाराचा सविस्तर अभ्यास मांडला. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथींवरच उलटते. म्हणजे येथे कमतरता पाण्याची आहे, केवळ तेलाची नाही. पापणीखाली कागदाची पट्टी पाच मिनिटे ठेवून ती किती भिजते ते मोजतात. पाच मिलीमीटरहून कमी भिजली तर पाण्याची कमतरता गंभीर समजावी. अशा रुग्णाला सायक्लोस्पोरिनचे थेंब, अश्रू वाहून नेणाऱ्या छिद्रांना बूच लावणे आणि मुख्य म्हणजे संधिवाताच्या तज्ज्ञांचे उपचार यांची गरज असते. प्रकाशोपचाराने अश्रुग्रंथी पुन्हा पाणी देऊ लागेल अशी आशा आपल्या आईंना कोणी दाखवू नये. तेलग्रंथीही बिघडलेल्या असतील तर त्यांच्यापुरता विचार नंतर करता येईल.

दुसरी पाळी

मला या उपचाराचा उपयोग झाला नाही, आणि तेही येथे नोंदवले जावे असे मला वाटते. मी गोकुळ शिरगाव येथील कारखान्यात आहे. मी तीन बैठका घेतल्या, तेही बाहेरगावी जाऊन, प्रत्येक वेळी एक दिवसाची रजा टाकून. बैठकीनंतर दोन-तीन दिवस बरे वाटे आणि पुन्हा पहिल्यासारखे होई. तिसऱ्या बैठकीनंतर मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो आणि त्यांनी प्रथमच ग्रंथींचे चित्र काढले. खालच्या पापणीतील दोन तृतीयांश ग्रंथी नाहीशा झालेल्या होत्या. हे चित्र आधी काढले असते तर मी पैसे घालण्यापूर्वी निदान विचार तरी केला असता. मला उपचाराविषयी राग नाही, पण न सांगितल्याविषयी आहे. माझी पत्नी त्या तीन महिन्यांत मुलीच्या शिकवणीचे पैसे पुढे ढकलत होती.

आता मी लाल प्रकाशाच्या मुखवट्याविषयी ऐकतो आहे, ज्यात झोत नसतो आणि चटकाही बसत नाही. ते काय आहे?

त्वचाविचार

आपला अनुभव वाचून वाईट वाटले, आणि तो लिहिल्याबद्दल आभार. लाल प्रकाशाचा मुखवटा हा वेगळा प्रकार आहे. त्यात एलईडीचा, साधारण ६३३ नॅनोमीटरचा मंद लाल प्रकाश बंद पापण्यांवर सुमारे पंधरा मिनिटे सोडतात. पेशींमधील मायटोकाँड्रिया, म्हणजे ऊर्जा तयार करणारे सूक्ष्म घटक, तो शोषून अधिक जोमाने काम करतात आणि पापणीही आतून ऊबदार होते, असा त्यामागचा विचार आहे. रक्तवाहिन्या जाळण्याचा हेतू नसल्यामुळे सावळ्या त्वचेलाही तो तुलनेने सुरक्षित आहे. काही ठिकाणी झोतांचा उपचार आणि मुखवटा एकापाठोपाठ देतात. त्याचा पुरावा झोतांच्या उपचाराहूनही तोकडा आहे. आणि मृत ग्रंथींना मुखवटाही जिवंत करत नाही, हे आपल्या बाबतीत लक्षात घ्यावे लागेल. ऑनलाइन मिळणारे चेहऱ्याचे लाल मुखवटे डोळ्यांसाठी वापरू नयेत. तसेच लहान मुलांच्या चष्म्याचा नंबर रोखण्यासाठी डोळ्यांत लाल प्रकाश पाहायला लावणारी यंत्रे निघाली आहेत; ती पूर्णतः निराळी आहेत आणि त्यांच्यामुळे दृष्टिपटलाला इजा झाल्याची नोंदही आहे.

रंकाळाकाठ

दुसरी पाळी दादा, तुमचे वाचून माझे मन अस्वस्थ झाले. माझ्या आणि तुमच्या उपचारात फरक यंत्राचा नव्हता. मला आधी चित्र दाखवले गेले आणि तुम्हाला नाही, एवढाच होता.

एक गोष्ट मी पहिल्या लेखनात पुरेशी लिहिली नाही. चार बैठकांच्या काळात आणि त्यानंतरही मी रोज रात्री शेक घेते आहे, आणि माझ्या सुधारणेतील मोठा वाटा त्याचा असू शकतो. पूर्वीही मी शेक घेत असे, पण चुकीचा. रुमाल गरम पाण्यात बुडवून डोळ्यांवर ठेवायचा आणि पाच मिनिटे तसाच पडून राहायचे, असे मी करत होते. डॉक्टरांनी सांगितले, की रुमाल दीड-दोन मिनिटांतच कोमट होतो आणि पुढची तीन मिनिटे फुकट जातात. पापणीच्या आतले तेल मऊ व्हायला सुमारे चाळीस अंशांची ऊब सलग आठ-दहा मिनिटे लागते. आता मी दोन रुमाल वापरते. एक डोळ्यांवर आणि दुसरा झाकण ठेवलेल्या पातेल्यात, आणि दर दोन मिनिटांनी अदलाबदल. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायचे, चटका बसला तर थांबायचे. त्यानंतर वरची पापणी बोटाने वरून खाली आणि खालची पापणी खालून वर, केसांच्या दिशेने हलकेच निपटायची. डोळ्यावर दाबायचे नाही. मग उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने कड पुसून घ्यायची.

काजळाविषयी मैत्रिणींना मुद्दाम सांगते. मी सोळाव्या वर्षापासून पापणीच्या आतल्या कडेला काजळ घालत होते आणि ते नेमके त्या ग्रंथींच्या छिद्रांवर बसते, हे मला एकोणपन्नासाव्या वर्षी कळले. तपासणीच्या पडद्यावर माझ्या छिद्रांच्या तोंडाशी काळे ठिपके दिसत होते. आता सणासुदीला लावते तेव्हा ते केसांच्या बाहेरच्या बाजूला लावते आणि रात्री पुसल्याशिवाय झोपत नाही.

डोळे मिटण्याविषयीही. आपण एरवी मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापण्या मिटतो आणि पडद्याकडे पाहताना त्या निम्म्याहूनही कमी वेळा मिटतात, त्याही अर्ध्याच. पापणी पूर्ण मिटली की ग्रंथी दाबली जाऊन तेल बाहेर येते, त्यामुळे अर्धवट मिटण्याने ते आतच राहते. मी प्रत्येक व्हाउचर पूर्ण झाले की दोन वेळा डोळे सावकाश, पूर्ण मिटते. सुरुवातीला सहकारी विचारायचे, आता तेही तसे करतात.

करवीरकर

सर्वांचे आभार. पत्नीच्या डॉक्टरांना त्वचेचा प्रकार आणि ऊर्जा यांविषयी विचारले. त्यांनी राग न मानता सर्व सांगितले, कानाजवळ चाचणीचा झोत दिला आणि एक आठवडा थांबायला सांगितले. त्याच भेटीत कळले की माझ्या वडिलांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधीही त्यांचा कोरडेपणा सुधारून घ्यावा लागेल. अश्रूंचा थर फाटत असला तर बुबुळाच्या वक्रतेची मोजमापे चुकतात आणि आत बसवायच्या भिंगाचा नंबर चुकीचा निघू शकतो. वडील घाई करत होते. आता महिनाभर शेक आणि थेंब घेऊन पुन्हा मोजणार आहेत.

ऊसकरी

गुऱ्हाळ पंधरा दिवसांपूर्वी बंद झाले आणि त्याच आठवड्यात भावाला थोरल्या दवाखान्यात नेले. तेथील डॉक्टरांनी दोन्ही पापण्या उलटून पाहिल्या, दाबून पाहिल्या. तेल दाट आहे, पण येते आहे. केसांच्या मुळाशी पापुद्रे भरपूर आहेत. प्रकाशोपचाराची आवश्यकता आज नाही, कडेची स्वच्छता आणि शेक दोन महिने करून पुन्हा दाखवा, असे त्यांनी सांगितले. ताईंच्या दोन रुमालांची पद्धत वहिनीने लगेच सुरू केली आहे. भाऊ म्हणतो, पाकाची गोळी पाण्यात धरून पाहणाऱ्याला चाळीस अंशांची ऊब बोटाला कळते, त्याला मनगट लागत नाही. पुढच्या हंगामासाठी चुलवणाचे धुराडे चार हात उंच करायला गवंड्याला सांगितले आहे, आणि काहिलीजवळ घालायला डोळ्यांच्या बाजू झाकणारा चष्मा घेतला आहे. दोन महिन्यांनी काय निघते ते येथेच लिहीन.